वेल, वेळ आणि तान्हा पोळा

आमच्या पोरीला ळ येत नव्हता. "आई, शालेची वेल झाली" याचं घरात सगळ्यांना कौतुक. मलाही होतं, पहिलीच्या वहीत 'काला फला' दिसेपर्यंत.

नागपुरात ळ जरा अवघडच. खाली खेळायला जाते तिथे सगळी पोरं हिंदीत बोलतात, आणि त्या हिंदीत डाळीची दाल होते. घरात सासूबाईंच्या वऱ्हाडीत पोळीची पोयी, डोळ्याचा डोया. ती त्यांची बोली, त्यात चूक काहीच नाही. पण मग ळ कानावर पडणार माझ्याकडूनच, आणि मी दिवसभर ऑफिसात.

मी आधी टोकायला सुरुवात केली. "शाला नाही, शाळा. म्हण बघू." पंधरा दिवसांत पोरगी शहाणी झाली. केळ्याला बनाना, पिवळ्याला येलो. ळ असलेला शब्दच तोंडातून काढेना! "काहून टोकतं वं लेकराले," सासूबाई म्हणाल्या. मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं.

दिवाळीनंतर स्पीच थेरपिस्टकडे गेलो. आधी कान तपासले, ते ठीक निघाले. मॅडमनी तिला बोलायला लावलंच नाही. समोर दोन चित्रं ठेवली, एक वेल आणि एक घड्याळ. त्या 'वेल' किंवा 'वेळ' म्हणणार, हिनं बोट ठेवायचं. मग माल-माळ. दहातले चार चुकले. म्हणजे फरक तिच्या कानालाच नीट कळत नव्हता आणि मी इतके दिवस जिभेच्या मागे लागले होते.

जिभेचं काम नंतर. ल म्हणताना टोक वरच्या दातांमागे टेकतं. ळ म्हणताना ते मागे वळून टाळूला लागतं आणि झटक्यात पुढे येतं. ड, ण तिला छान यायचे, आणि जीभ वळते ती त्याच बाजूला. म्हणून आरशासमोर 'अड' म्हणायचं, जीभ कुठे लागली ते विचारायचं, मग तिथूनच आवाज जिभेच्या कडांनी सोडायचा. मराठीत ळ नं शब्द सुरू होत नाही, म्हणून सुटा 'ळ' म्हणायला सांगायचंच नाही. अळ, इळ, उळ. रोज पाच मिनिटं, मी पोळ्या लाटताना, ती ओट्याशी स्टुलावर. एरवी चुकली तर मी फक्त "हो गं, शाळेची वेळ झाली" म्हणायची आणि पुढे जायची.

संक्रांतीला वाटी घेऊन शेजारच्या काकूंकडे गेली. "तिलगूळ घ्या." अर्धा ळ! शेवटचा आला, मधला राहिला. मी दारात उभी होते, जीभ चावून गप्प बसले. मधला यायला होळी उजाडली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैलाला झूल घालून, दोरीनं ओढत ती बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे खाऊ-पैसे, मागायला निघाली. 'तान्हा पोळा' अगदी खणखणीत. आणि मग काकूंना म्हणते, "माझा बैळ बघा ना!"

मी काही बोलले नाही. मागून सासूबाईच ओरडल्या, "बैळ नाही वं, बैल!"