कुबट वासाची गाडी आणि डाव्या सीटवरच्या आजी

एसीला कुबट वास येतो अशी तक्रार आली की आमच्या गाडीदुरुस्तीच्या धंद्यात पहिला हात जातो तो एसीतल्या थंड करणाऱ्या गॅसचं प्रेशर दाखवणाऱ्या मीटरकडे. याचा मला मनापासून राग येतो. गॅसचा आणि या वासाचा काडीमात्र संबंध नाही. गॅस बंद पाइपांतून फिरतो, गाडीतल्या हवेला तो शिवतसुद्धा नाही. तरी ‘गॅस कमी झालाय’ म्हटलं की गिऱ्हाईक मान डोलावतं, कारण तेवढा एकच शब्द त्याच्या ओळखीचा असतो.

गेल्या मे महिन्यात माझ्या रत्नागिरीच्या गॅरेजात बँकेतले एक साहेब आले. सोबत त्यांची आई. गाडी साधी छोटी, चांगली राखलेली. साहेबांनी बिलांची चळतच पुढे ठेवली : गॅस भरला, केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारा) बदलला, कॉइल फोमने धुतली, वास मारायला ओझोन वायूचं मशीन लावलं, वर एसीच्या हवेच्या जाळीला लिंबाच्या वासाची कुपी. मी सगळं तपासलं. फिल्टर कोरा होता, गॅसचं प्रेशर बरोबर होतं. बिलं खरी, कामंही झालेली. वास मात्र जागच्या जागी, उलट त्यात लिंबू मिसळलेलं.

हा वास होतो कसा, ते आधी सांगतो. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एका प्लास्टिकच्या खोक्यात कूलिंग कॉइल बसवलेली असते. तिच्यावर बर्फ धरू नये म्हणून सेन्सर शून्य अंशाच्या जरा वरच एसीचा कंप्रेसर तेवढ्यापुरता बंद करतो. म्हणजे एसी चालू असेपर्यंत कॉइल गारठलेलीच. गार तांब्याला बाहेरून पाणी सुटावं तसं हवेतलं बाष्प तिच्यावर धरतं आणि खोक्याच्या तळाच्या नळीतून गाडीखाली पडतं. आमच्या किनाऱ्यावरच्या मे महिन्यात तासाला लिटरभर पाणी सहज निघतं. गाडी बंद केली की ओली कॉइल अंधारात तशीच राहते, धुळीवर बुरशी धरते. असा वास एसी लावल्यावर पहिलं अर्धं मिनिट येतो आणि विरतो. तेवढ्याला फिल्टर आणि फोम पुरतो.

या गाडीतला वास विरत नव्हता. मी काचा लावून एसी चालवत बसलो, तो वाढतच गेला. साहेबांना विचारलं, आणखी काही जाणवतं का? म्हणाले, “नाही हो, फक्त वास.”

आजी बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “माझ्या चपला ओल्या होतात, ते सांग की त्यांना. आणि घाटात वळलो की पायापाशी डुबुक डुबुक वाजतं.”

“आई, तू पाय धुऊन लगेच बसतेस, म्हणून ओलं होतं,” साहेब म्हणाले.

“मागे त्या गॅरेजातल्या पोरालापण सांगितलं मी. म्हणाला, आजी, बाटली सांडली असेल.”

मी गाडीखाली वाकून बघितलं. एसी इतका वेळ चालू असूनही खालचा कोबा कोरडा ठणठणीत. त्या क्षणी निम्मं निदान झालं. पाणी तयार होत होतं आणि बाहेर पडत नव्हतं, म्हणजे खोक्यात साचून आत सांडत होतं.

गाडी जॅकवर घेतली. बोटभर जाडीची रबरी नळी, आणि तिच्या तोंडाला घट्ट तांबूस माती. कुंभारीण माशीचं काम. तयार भोक मिळालं की ती आत कोळी आणून ठेवते, नुसते लुळे केलेले, जिवंत. त्यांच्यावर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. साहेबांची गाडी थंडीत बराच काळ पडवीला उभी होती. एसी बंद, नळी कोरडी, तिला हवी तशी जागा.

इथे बरेच जण टायरमध्ये हवा भरायच्या कंप्रेसरची हवा नळीत खालून वर मारतात. ते मला अजिबात पटत नाही. माती आणि घाण सगळी कॉइलच्या पात्यांत जाऊन बसते, आणि मग डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. मी गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी वापरतो. टोक विस्तवावर गोल केलं की ती रबराला इजा करत नाही. थोडी आत, पीळ, बाहेर, पुन्हा आत. मातीचे तुकडे पडले, त्यांतून कोळ्यांची वाळलेली सालं पडली, आणि मग धो धो पाणी. गढूळ, आणि त्याला लिंबाचा वास! आधीच्या गॅरेजने मारलेला फोमही लिंबाच्याच वासाचा, तो खाली उतरलाच नव्हता, खोक्यातल्या डबक्यात साचून राहिला होता.

आजी काठी टेकत वाकून बघत होत्या. “ही कुंभारणीची माती. देवघराच्या कोनाड्यात करते ना, तीच.”

साहेबांना गाडी संध्याकाळीच हवी होती. मी दिली नाही. डाव्या बाजूचं कार्पेट वरून कोरडं वाटत होतं, पण उचलून खालचा जाड नमदा अंगठ्याने दाबला की पाणी वर येत होतं. हा नमदा ओला ठेवून कितीही कॉइल धुवा, वास परत येणारच. सीट काढली, कार्पेट काढलं, नमदा कडक होईपर्यंत उन्हात टाकला. खालचा पत्रा पुसून बघितला, गंज नव्हता. शेवटी फोम मारला आणि तो विरून नळीतून खाली पडेपर्यंत थांबलो. वास गेला.

मागच्या गॅरेजवाल्यांना मी चोर म्हणणार नाही. पण वर्कशॉपच्या जॉबकार्डावर ‘ग्राहकाची तक्रार’ म्हणून जागा असते, ती ज्याच्या हातात चावी त्याला विचारून भरतात. आपल्याकडे कॉइल डावीकडे, पाणी डावीकडे, आणि चालवणाऱ्याचे पाय कोरडे. ज्यांच्या पायाशी सगळं घडत होतं, त्यांनी दोनदा सांगितलं होतं. त्यांचं कोणी ऐकून घेतलं असतं तर त्यातली बरीचशी बिलं झालीच नसती. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

कुंभारणीचाही पक्का बंदोबस्त मला सापडलेला नाही. नळीला जाळी लावून बघितली, ती धूळ आणि चिकट्याने स्वतःच तुंबते. म्हणून आता प्रत्येकाला सांगतो, गाडी उभी असली तरी आठवड्यातून एकदा एसी लावा आणि खाली पाणी पडतंय का बघा. उतरायच्या आधी पाचेक मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवा, कॉइल सुकते. साहेबांच्या घरी पाणी बघायचं काम आजींनी स्वतःकडे घेतलंय.