लाँगआर्म मशीन आलं, पण बँकेने साडेचार महिने घेतले

साध्या मशीनवरून लाँगआर्मवर, म्हणजे गोधडीला टाके घालायच्या लांब हाताच्या मोठ्या मशीनवर जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आधी कागद जमवावेत, मशीन मागाहून बघावं. मी उलटं केलं आणि नाशिकच्या उन्हात कर्जासाठी बँकेच्या अकरा फेऱ्या मारल्या.

आजीसारखा हाताने धावदोरा, मग घरचं मशीन, मग सातपूरहून आणलेलं जुकी कंपनीचं जुनं शिलाई मशीन, असं करत मी इथवर आले. पण डबल बेडची ९० बाय १०० इंची गोधडी घरच्या मशीनच्या सातेक इंचांच्या जागेतून सरकवताना खांदे भरून येतात. जुकीवर थोडीच जास्त जागा मिळते. लाँगआर्मला १८ ते २६ इंच मिळतात, आणि कापड फ्रेमच्या रुळांवर ताणलेलं राहतं, फिरतं ते मशीन.

मला साडेसहा लाख हवे होते. मुद्रा योजनेत ५ ते १० लाखांचं कर्ज ‘तरुण’ गटात येतं, तारण लागत नाही. काउंटरवरच्या मॅडमनी कोटेशन वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘ताई, शिलाई मशीन पंधरा हजारात येतं. हे कसलं?’’ मी समजावलं. अर्ज परत आला. पुढच्या खेपेला कळलं की फ्रेम म्हणजे फर्निचर, त्याला कर्ज नाही. फ्रेमशिवाय ते मशीन चालतच नाही! विक्रेत्याकडून मशीन, फ्रेम आणि रूळ एकाच संचाच्या नावाने लिहून आणलं. मग उद्यम नोंदणीत, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, मी ‘शिवणकाम’ टाकलं होतं ते अडलं, तिथे गोधडी-रजईचं उत्पादन हवं होतं. (ही दुरुस्ती ऑनलाइन फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका.) त्यानंतर दीड महिना एकच उत्तर, ‘‘फाइल वर गेलीय.’’ आणि शेवटी जामीनदार आणा म्हणाले. तारण नसलेल्या योजनेत जामीनदार कशाला, याचं उत्तर कुणीच देईना. त्या दिवशी घरी येऊन मी रडले.

दुसऱ्या दिवशी दोन गोधड्या पिशवीत घालून थेट मॅनेजरसाहेबांकडे गेले. माझ्या मशीनवरची उलटी करून टेबलावर पसरली. मधोमध अस्तराला चुणी पडून ती टाक्यात अडकली होती. शेजारी विक्रेत्याने लाँगआर्मवर करून दिलेला नमुना ठेवला. साहेबांनी चुणीवरून बोट फिरवलं, मग नमुन्यावरून. ‘‘गिऱ्हाईक ही परत करतं?’’ ‘‘करतं साहेब, तीन परत आल्यात.’’ जामीनदाराचा विषय तिथेच संपला. नऊ दिवसांत पैसे विक्रेत्याच्या खात्यात जमा झाले. म्हणून सांगते, कागदांबरोबर कापड न्या.

मशीन बसवायला एक दिवस लागला. हो, जिन्याचं वळण मोजायचं राहू देऊ नका. आमचे दहा फुटी रूळ गॅलरीतून दोराने वर घ्यावे लागले. परदेशी मशीन घेत असाल तर ते २३० व्होल्टचं आहे हे कोटेशनवरच लिहून घ्या, अमेरिकेतली १२० वर चालतात. आणि अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त कापा. पहिल्याच गोधडीला माझं दोन इंच कमी पडलं, आणि रुळावरून सगळं उतरवून पुन्हा जोड द्यावा लागला.