टोपी काढण्याची दोन ठिकाणं

सकाळी लष्करी दफनभूमी आणि संध्याकाळी बेसबॉलचा सामना, हा बेत कानाला जरा विचित्रच लागतो. तेराव्याचं जेवून तसंच वरातीत नाचायला जावं, तसा. पण उन्हाळ्यात आई-वडील भारतातून आलेले असतात, नातवंडांना सुट्टी असते, आणि वॉशिंग्टनमध्ये हा बेत एका दिवसात चोख बसतो. आर्लिंग्टनची दफनभूमी सकाळी ८ला उघडते आणि ५ला बंद होते. नॅशनल्स पार्कवरचा संध्याकाळचा सामना साधारण पावणेसातला सुरू होतो. मधलं अंतर मेट्रो कापते. उरतो तो प्रश्न टोपीचा, कारण या एका दिवसात ती जितक्या वेळा चढते-उतरते तितकी आपल्याकडे वर्षभरात उतरत नसेल.

आपल्याकडे मान द्यायचा तर डोकं झाकायचं. पूजेला टोपी, पंगतीत टोपी, वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावर पदर. बोडक्या डोक्याने पाया पडायला गेलं तर जुनी माणसं खिशातला रुमाल पुढे करायची. तिकडे बरोबर उलट: मान द्यायचा तर टोपी उतरवायची. पेशवाईच्या कागदांत ज्यांना ‘टोपीकर’ म्हटलं, त्या युरोपियनांकडे आदराची खूण टोपी काढण्याची असावी, हा योगायोग मोठा मजेशीर आहे.

आधी टोपी घेऊन जाण्याबद्दल. जुलैतलं वॉशिंग्टन म्हणजे मे महिन्यातली मुंबई, फक्त समुद्राचा वारा वजा करून. आर्लिंग्टन ६३९ एकरांवर पसरलंय, आणि मुख्य म्हणजे ते टेकडीवर आहे. मेट्रोच्या ब्लू लाइनवर दफनभूमीच्याच नावाचं स्टेशन आहे. तिथून स्वागत केंद्र जवळ. तिथे बॅगा तपासतात. पुढे अनामिक सैनिकाच्या समाधीपर्यंत चालत वीसेक मिनिटं लागतात, आणि ती चढाची. गुडघे कुरकुरणारं कोणी बरोबर असेल तर आतल्या बसचं तिकीट काढावं, त्यात कंजूषपणा करू नये. प्रवेश फुकट आहे, बसला पैसे पडतात, आणि ‘एवढ्याशा अंतराला बस कशाला’ असं म्हणणारेच अर्ध्या वाटेवर झाडाखाली टेकलेले दिसतात. पाण्याची बाटली न्यावी. खायला मात्र आत मनाई आहे, म्हणून दशम्या आणि चिवडा स्टेशनवर उतरायच्या आधीच उरकलेला बरा.

ही जागा मुळात दफनभूमी नव्हती. वरचं खांबांचं घर यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्या बायकोच्या माहेरचं. उत्तरेने ते ताब्यात घेतलं आणि १८६४पासून तिथे सैनिक पुरायला सुरुवात केली. पुढे लीच्या मुलाने दावा लावला, १८८२मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकलाही. पण तोवर अंगणात हजारो थडगी झालेली. मग सरकारने १८८३मध्ये दीड लाख डॉलर मोजून जागा रीतसर विकत घेतली. भाऊबंदकीचे दावे ऐकत मोठ्या झालेल्या आजोबांना आर्लिंग्टनचा इतिहास सांगायचा तर इथून सुरुवात करावी. लगेच कान टवकारतात.

आज तिथे चार लाखांहून जास्त माणसं विसावली आहेत. उभा संगमरवरी दगड ४२ इंच लांब, १३ इंच रुंद, ४ इंच जाड. वजन सुमारे २३० पौंड, म्हणजे शंभर किलोच्या वर. त्यातला दोनेक फूट जमिनीवर दिसतो, बाकीचा जमिनीत. नाहीतर पावसाळी मातीत तो कलला असता. त्यावर नाव, हुद्दा, कुठल्या युद्धात होता, जन्म-मृत्यू, आणि वरच्या बाजूला धर्माची खूण. मान्य खुणांच्या यादीत क्रूस आहे, चांदतारा आहे, शिखांचा खंडा आहे, आणि ॐसुद्धा. आपल्याकडच्या वीरगळाशी हे ताडून पाहावं. वीरगळावर खालच्या कप्प्यात लढाई, मधल्यात अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. गोष्ट पुरी, पण नाव बहुतेक वेळा नाहीच. इथे नाव आहे, तारखा आहेत, गोष्ट तेवढी नाही.

नाव नसलेला तो वर, टेकडीवर. पहिल्या महायुद्धातला ओळख न पटलेला एक सैनिक ११ नोव्हेंबर १९२१ रोजी तिथे पुरला. १९३७पासून त्याच्यावर रात्रंदिवस पहारा आहे. पहारेकरी काळ्या पट्टीवरून २१ पावलं चालतो, समाधीकडे वळतो, २१ सेकंद थांबतो, पुन्हा वळतो, बंदूक खांदा बदलते, पुन्हा २१ सेकंद, आणि परत २१ पावलं. बंदूक नेहमी समाधीपासून लांबच्या खांद्यावर, म्हणजे समाधी आणि आपण यांच्या मध्ये. वळताना टाचांचा ‘टक्’ असा आवाज येतो, कारण बुटांना धातूची पट्टी ठोकलेली असते. पांढरे हातमोजे ओले करून घालतात, लाकडावर पकड घट्ट बसावी म्हणून. आणि हे सगळं लोकरी गणवेशात, जुलैतसुद्धा. गणवेशावर हुद्द्याची पट्टी नसते. आत झोपलेल्याचा हुद्दा माहीत नाही, उगाच आपण त्याच्यापेक्षा मोठे ठरायला नको.

एप्रिल ते सप्टेंबर पहारा दर अर्ध्या तासाला बदलतो. त्याच्या दहा मिनिटं आधी पायऱ्यांवर जागा धरावी. पायऱ्या संगमरवरी, सावली नावाला. सोहळा सुरू होण्याआधी उभं राहून गप्प राहायला सांगतात, आणि इथे टोपीचा पहिला प्रश्न येतो. बेसबॉलची टोपी उतरवायची आणि हातात धरायची. पंख्यासारखी हलवायची नाही, हे मुलांना आधी सांगून ठेवावं. बोललं-हसलं तर पहारेकरी थबकून मोठ्यांदा समज देतो, आणि तो आवाज ऐकला की रडणारं पोरही गप्प होतं.

आजोबांच्या पांढऱ्या टोपीचं काय? धर्माचा किंवा पोशाखाचा भाग असलेलं शिरोवस्त्र काढायला कोणी सांगत नाही; फेटा, पगडी, हिजाब, यांपैकी कशालाच नाही. शिवाय नीट पाहिलं तर त्या आवारात आणखी एक जमात टोपी काढत नाही: गणवेशातले सैनिक. ते टोपीसकट सलाम करतात. म्हणजे आजोबा आणि तो पहारेकरी एकाच बाजूचे. राहू द्यावी टोपी. आत चालताना एखादी अंत्ययात्रा मात्र समोर आली, आणि कामाच्या दिवशी येतेच, कारण इथे रोज अंत्यविधी चालू असतात, तर थांबावं, बाजूला व्हावं, आणि कॅमेरा खाली करावा. टोपीपेक्षा ते महत्त्वाचं.

बेसबॉलकडे जाणारा रस्ता याच टेकडीवरून निघतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. विभाग १मध्ये अ‍ॅबनर डबलडे नावाच्या सेनापतीचं थडगं आहे. १८६१मध्ये फोर्ट सम्टर या किल्ल्यावरून यादवी युद्धातली उत्तरेची पहिली तोफ डागणारा हा माणूस. पण त्याचं नाव लोकांना माहीत आहे ते वेगळ्याच कारणासाठी: १८३९मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावात त्याने बेसबॉल शोधून काढला, म्हणून. हे त्याला जन्मात माहीत नव्हतं. त्या वर्षी तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत होता, आणि १८९३मध्ये वारला तोवर असा दावा त्याने कधी केला नव्हता. पुढे १९०५मध्ये खेळाचं मूळ शोधायला समिती बसली. हा खेळ इंग्लंडच्या मुलांच्या खेळातून आलेला नाही, अस्सल अमेरिकी आहे, असं काहीतरी हवं होतं. एका म्हाताऱ्याचं पत्र मिळालं आणि काम झालं. डबलडेच्या डोक्यावर मेल्यानंतर चढवलेली ही टोपी, आणि सगळ्या देशाला घातलेलीही. गंमत अशी की खेळाचं मानाचं संग्रहालय १९३९मध्ये त्याच कूपर्सटाउनला उघडलं आणि आजही तिथेच आहे. विभाग १ नेहमीच्या गर्दीच्या वाटेवर नाही. दफनभूमीच्या अ‍ॅपमध्ये नाव घातलं की रस्ता दिसतो. पाय उरले असतील तरच जावं.

तिथून मैदान. ब्लू लाइनने एकच स्टेशन पेंटागॉनपर्यंत, तिथे यलो लाइन, ती पोटोमॅक नदी उघड्या पुलावरून ओलांडते (मुलांना खिडकी द्यावी), मग लांफां प्लाझाला ग्रीन लाइन, आणि पुढचं दुसरं स्टेशन नेव्ही यार्ड. चूक होते ती बॅगेची. दफनभूमीत तपासून आत सोडलेली पाठीवरची बॅग मैदानाच्या दारात अडते, कारण तिथले बॅगेचे नियम फार कडक आहेत. तिकीट काढतानाच मापं वाचावीत आणि सकाळीच त्या मापाची पिशवी घेऊन निघावं. जागा घेताना तिसऱ्या बेसकडची घ्यावी (बेस म्हणजे फलंदाजाने धावत गाठायचा थांबा). संध्याकाळचं ऊन त्या स्टँडच्या पाठीशी असतं. पहिल्या बेसकडे स्वस्त मिळाली म्हणून बसलात तर सूर्य मावळेपर्यंत टोपीचा पुढचा कडा भुवयांवर ओढून बसावं लागतं.

टोपी तिथे घ्यायची तर दुकानात दोन प्रकार असतात. मागे पट्टी असलेली, आणि मापाची, बंद. मापाच्या टोपीचा आकडा इंचात असतो. डोक्याचा घेर ५८ सेंटिमीटर असेल तर साधारण सव्वासात. डोकं चुकीचं मोजलं की ती कपाळावर वळ उठवते. सहा पाकळ्या, वर गुंडी, प्रत्येक पाकळीला हवेचं एक भोक. किंमत पाहून ‘टोपी घातली’ या वाक्प्रचाराचा उगम कळतो. पट्टीची घ्यावी, आजीपासून नातवापर्यंत कोणालाही बसते.

सामन्याआधी राष्ट्रगीत, आणि दिवसातली दुसरी टोपी इथे उतरते. याचा ध्वजसंकेतही ठरलेला आहे: पुरुषांनी टोपी उजव्या हाताने काढायची आणि डाव्या खांद्याशी धरायची, म्हणजे हात आपसूक छातीवर येतो. सकाळी पायऱ्यांवर गप्प उभी असलेली माणसंच आता नाचो आणि बिअर सावरत, टोपी खांद्याशी धरून उभी असतात. पाहुण्यांनी सरळ उभं राहिलं तरी पुरतं.

पुढचे अडीच-पावणेतीन तास टोपी डोक्यावर. २०२३पासून गोलंदाजाला घड्याळ लावलंय, बेसवर कोणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. त्यामुळे आता सामना रेंगाळत नाही. क्रिकेट बघून मोठ्या झालेल्या माणसाला सांगायचं ते एवढंच: नऊ डाव, प्रत्येक डावात तीन बाद झाले की पाळी बदलली, बरोबरी हा निकाल नाही. बाकी आपोआप कळतं. चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात, हे मात्र आजीला जरूर सांगावं. जपमाळेचा हिशोब लगेच जमतो आणि खेळाबद्दल आपुलकी वाटू लागते.

स्टँडमध्ये उडून आलेला चेंडू टोपीत झेलायचा मोह सगळ्यांना होतो. करू नये. चेंडू जेमतेम १४५ ग्रॅमचा, पण बॅटवरून सुटलेला. टोपीतून तो उसळतो आणि शेजारच्या बाईंच्या चष्म्यावर जातो. खेळाडूंना तर नियमानेच बंदी आहे: मैदानात टोलवलेल्या चेंडूला क्षेत्ररक्षकाने डोक्यावरची टोपी काढून मुद्दाम लावली तर फलंदाजाला तीन बेस बहाल. क्रिकेटमध्येही अंगावरून काढलेल्या कपड्याने मुद्दाम चेंडू अडवला की पाच धावांचा दंड आहेच.

चौथ्या डावात राष्ट्राध्यक्षांची शर्यत असते. वॉशिंग्टन, जेफर्सन, लिंकन आणि थिओडोर रुझवेल्ट यांची मोठाली डोकी घातलेली माणसं मैदानाच्या कडेने धावतात. यातला रुझवेल्ट २०१२पर्यंत कधी जिंकलाच नव्हता, मुद्दाम. सकाळी टोपी काढून आलेल्या देशाने संध्याकाळी आपल्याच राष्ट्राध्यक्षांना असं पळवावं, हे आजोबांना पटत नाही. नातवंडांना मात्र दिवसभरात एवढंच लक्षात राहतं.

सातव्या डावाच्या मध्यात सगळे उभे राहून अंग मोकळं करतात आणि गातात. त्यानंतर आपला संघ मागे असेल तर एक नवाच प्रकार दिसतो: लोक टोपी उलटी करून, आतलं अस्तर बाहेर काढून डोक्यावर चढवतात. नशीब पालटावं म्हणून. मराठीत टोपी फिरवणं म्हणजे बाजू बदलणं. इथे टोपी फिरवतो तो शेवटपर्यंत बाजू न सोडणारा. आतली शिवण, घामाचा पट्टा, धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी, सगळं जगाला दिसतं, आणि कोणाला काही वाटत नाही.

रात्री घरी आल्यावर टोपीवर कपाळाच्या उंचीला मिठाची पांढरी रेघ उमटलेली असते. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये, पुढचा कडा मोडतो आणि मग कधीच सरळ होत नाही. गार पाण्यात थोडी साबणाची पूड, जुन्या दातांच्या ब्रशने आतली पट्टी घासायची, पिळायची नाही. टॉवेलने टिपून एखादं पातेलं उपडं घालायचं आणि त्यावर टोपी चढवून ठेवायची, सकाळपर्यंत आकार धरून वाळते. शेजारच्या खुंटीवर आजोबांची पांढरी, तिला मात्र नीळ लागते.