चुकीच्या जागी बसलो म्हणून

दुपारपासून लाईट नाही, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, म्हणून पुतण्याला नाणं गायब करून दाखवत बसलो होतो. तर तो विचारतो, "काका, तुका ह्या कोणी शिकवल्यान?"

कोणी म्हणजे काय सांगू. बाबा गिरणीत होते तेव्हा त्यांनी मुंबईत जादूगार रघुवीरांचा शो बघितला होता. रघुवीर १९८४ ला गेले, माझ्या जन्माच्या आधीच, त्यामुळे मला तो शो फक्त बाबांच्या तोंडूनच माहीत आणि बाबांच्या तोंडी तो दर गणपतीत थोडा थोडा वाढतो. ऐकायला मजा यायची, पण आपण करून बघावं असं कधी नाही वाटलं. मोठी जादू मला अजूनही तशी लांबचीच वाटते. पी. सी. सरकारांनी १९५६ मध्ये बीबीसीवर एका मुलीला करवतीने कापलं, ती उठायच्या आतच कार्यक्रम संपला आणि तिकडे लोकांनी फोन करकरून हैराण केलं, हे वाचून हसलो, बस्स. करवत कोण आणणार!

मला लागण झाली ती आंगणेवाडीच्या जत्रेत. आई-बाबा भराडीदेवीच्या रांगेत, मी नऊ-दहा वर्षांचा, काकाबरोबर मोकाट. एक जादूवाला गोणपाट टाकून तीन वाट्या आणि कापडाच्या गोळ्या घेऊन बसलेला, समोर गर्दी, म्हणून मी त्याच्या मागे जाऊन टेकलो. आणि तिथून मला सगळं दिसलं, गोळी वाटीखाली गेलीच नव्हती, त्याच्या दोन बोटांच्या बेचक्यात मुळाशी अडकून बसली होती आणि तो मात्र कुणाच्यातरी टोपीवरून विनोद करत होता. मी पळत काकाकडे गेलो, त्याला सांगितलं, आणि पुढचा खेळ सुरू झाला तेव्हा काकाच्या खांद्यावर बसून समोरून बघितला. गोळी कुठे आहे ते मला माहीत होतं. तरी फसलो. दोनदा! वाट्यांपेक्षा त्या बडबडीचंच मला जास्त नवल वाटलं, अजूनही वाटतं.

हात बसवले मात्र गणपतीच्या जागरणांनी. रात्रभर रमी, आणि काका पत्ते असे पिसायचा की आम्ही पोरं डाव सोडून त्याचे हातच बघत राहायचो.

बाकी हा छंद कोकणात करणं म्हणजे शिक्षा आहे. तळहाताला घाम, नाणं सटकतं, १० रुपयांचं जरा बरं राहतं कारण मोठं आहे. पावसाळ्यात पत्ते फुगतात, एकमेकांना चिकटतात, पंखा म्हणून उघडायला जावं तर पापडाची चळत हातात. म्हणून टाल्कम पावडर लावून तांदळाच्या डब्यात ठेवतो.

आत्ताच आई स्वयंपाकघरातून ओरडली, भाताला पावडरचा वास कसला येतोय म्हणून.