नकाशावरचा बाण आणि वाटेतली माणसं

शेतीचा प्रसार दाखवणारा नकाशा बहुतेकांनी पाहिलेला असतो. पश्चिम आशियातून एक जाड बाण निघतो आणि सरळ युरोपात घुसतो. मला तो बाण खटकतो. त्याच्या वाटेत माणसं राहत होती, आणि शेती घ्यायची की नाही हे त्यांचं ती ठरवत होती.

तुर्कस्तानातलं कोन्याचं पठार घ्या. इसवीसनपूर्व 8300 च्या सुमाराला तिथल्या बोंजुक्लू या वस्तीत लोक मातीच्या विटांच्या लंबगोल घरांत राहायचे. दलदलीतले मासे, रानबैल, रानडुक्कर हा मुख्य आहार, आणि जोडीला थोडासा गहू. तिथल्या हाडांतला डीएनए सांगतो की ही मंडळी बाहेरून आलेली नव्हती, तिथल्याच शिकाऱ्यांचे वंशज होती. म्हणजे शेतकरी आले नाहीत, बियाणं आलं. आणि नुसतं बियाणं येऊन भागत नाही. कधी पेरायचं, पुढच्या वर्षासाठी किती राखायचं, हे कुणीतरी समजावून सांगावं लागतं. या पठाराचा दूरदूरच्या लोकांशी राबता होताच. जवळच्या कॅपाडोशिया भागातला ज्वालाकाच, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला काचेसारखा दगड, पार भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचत होता.

मला खरं थक्क करतं ते बोंजुक्लूपासून जेमतेम तीस किलोमीटरवरचं पिनारबाशी. तीच माणसं, तोच काळ. पण त्यांनी पेरणी केलीच नाही. रानबदाम गोळा करत, शिकार करत ती पिढ्यानपिढ्या तशीच राहिली. शेजारी काय चाललंय हे त्यांना ठाऊक नसेल, असं मला अजिबात वाटत नाही.

शेती ओळखायची खूण मात्र फार बारीक असते. रानगव्हाची ओंबी पिकली की दाणे आपोआप गळतात, आणि गळल्या जागी गुळगुळीत व्रण राहतो. लागवडीच्या गव्हाचे दाणे ओंबीला धरून राहतात, मळणीत तुटतात, म्हणून व्रण खडबडीत. जळून कोळसा झालेल्या भुशातही हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. रानगव्हाची जागा या गव्हानं घ्यायला हजार वर्षांहून जास्त काळ गेला.

युरोपात चित्र वेगळं. तिथे शेती आणली ती मुख्यतः अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, सरकत गेलेल्या शेतकऱ्यांनी. इसवीसनपूर्व 5500 च्या आसपास ते मध्य युरोपात होते. तरी डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यांच्याकडून दगडी कुऱ्हाडी घेतल्या, शेती घेतली नाही. शिंपल्यांचे प्रचंड ढीग मागे ठेवत ते हजाराहून जास्त वर्षं समुद्रावर जगले.

जर्मनीतल्या ब्लेटरह्योले गुहेत तर शेती येऊन जवळजवळ दोन हजार वर्षं उलटल्यावरही दोन्ही प्रकारची माणसं पुरलेली सापडली: शेतकरी, आणि नदीच्या माशांवर जगणारे शिकारी. आईकडून मुलांकडे जाणारा डीएनए पाहिला, तर शेतकऱ्यांच्या गटात शिकारी आईचा वारसा मिळतो; शिकाऱ्यांच्या गटात शेतकरी आईचा मिळाला नाही. शिकाऱ्यांच्या मुली शेतकऱ्यांकडे नांदायला जात असाव्यात.