दादाचा ‘विंटर’

मे महिन्याच्या सुट्टीत मालवणला काकांकडे गेलो की दुपारी मी आणि माझा चुलतभाऊ, आमचा दादा, बाजारामागच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्येच असायचो. साल १९९५. पत्र्याची शेड, तीन मशिनी, रुपयाला एक कॉइन. लाइट गेली की रुपया बुडाला.

बऱ्याच वर्षांनी त्या तिन्ही गेमची खरी नावं शोधायला बसलो. तीनपैकी ‘मुस्तफा’चा पत्ता लगेच लागला. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. आपण त्याला त्यातल्या मुस्तफा कैरोच्या नावानं ओळखायचो, एवढंच. अडलं ते दुसऱ्या गेमपाशी. बर्फ मारून मारून राक्षसाचा गोळा करायचा, तो ढकलून द्यायचा आणि नळीनं भुतं ओढून घ्यायची, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. असा गेम कुठंच सापडेना.

कित्येक रात्री त्यात गेल्यावर दादाला फोन केला.

“त्या गेमाक नळी नव्हती रे! ती बाजूच्या मशनीक. आणि बर्फाच्या गेमाचा नाव विंटर कायतरी होता.”

म्हणजे मी दोन गेम एकात कालवून एकच शोधत बसलो होतो. मग वही घेतली आणि दोन्ही वेगळे लिहून काढले: बटणं किती, पडदा सरकतो की जागच्या जागी राहतो, दोघांना एकदम खेळता येतं का. नाव आठवत नसलं तरी हे सगळं बरोबर आठवतं.

नळीवाला तासाभरात मिळाला: डेटा ईस्टचा १९९१ चा ‘टंबलपॉप’. ओढलेली भुतं फार वेळ धरून ठेवली की ती फुटून बाहेर येतात आणि आपणच मरतो, हे वाचलं आणि ती मशीन डोळ्यांपुढे उभी राहिली.

बर्फाचा गेम जुळला तो टोआप्लानच्या १९९० च्या ‘स्नो ब्रोस’शी. निळा निक, लाल टॉम, पन्नास मजले, दर दहाव्या मजल्यावर बॉस, हिरवी बाटली घेतली की फुगून उडायचं. सगळं तेच. फक्त ‘विंटर’ कुठंच नाही. ज्याला विचारलं तो म्हणाला, भावाची काहीतरी गल्लत होतेय. मलाही तसंच वाटू लागलं होतं.

तरी ‘मेम’ची यादी उघडली. जुन्या मशिनींच्या चिपांमधला प्रोग्राम जतन करण्याचं हे काम निकोला साल्मोरियानं १९९७ मध्ये सुरू केलं. तिथं नकली बोर्डांचीही, म्हणजे मशीनच्या आत बसवलेल्या चिपांच्या नकली पट्ट्यांचीही, वेगळी नोंद असते, मूळ गेमच्या खाली. ‘स्नो ब्रोस’च्या खाली सापडला: ‘द विंटर बॉबल’. गेम तोच, कोणीतरी नकल करून पाटी बदललेली. आमच्या शेडीत हाच बोर्ड होता. दादानं वाचलेलं नाव तंतोतंत खरं होतं, आणि मी ते जवळजवळ खोडून टाकलं होतं.

पहिल्या पडद्याचा फोटो त्याला पाठवला. मिनिटभरात फोन.

“सांगलंय ना तुका!”