तुम्ही विचारलेत म्हणून : मोडेमच्या ड्रायव्हरमध्ये एवढे काय असते?

यूएसबी मोडेम लावला की इंटरनेट सुरू होते, मग त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते उपकरण चालवता यावे म्हणून लिहिलेला प्रोग्रॅम, लिहायला महिने का लागतात, असे मला वारंवार विचारले जाते. डेटा इकडून तिकडे नेणे खरोखरच फार अवघड नाही. मी ज्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहितो, तिच्यात त्याची बरीचशी तयारी आधीच करून ठेवलेली आहे. माझा वेळ जातो तो एखादी गोष्ट संपली, हे ओळखण्यात.

अनेक मोडेम आधी सीडी-रॉम असल्याची बतावणी करतात. त्या खोट्या सीडीला इजेक्टची आज्ञा दिली की उपकरण नाहीसे होते आणि बहुधा वेगळ्या प्रॉडक्ट आयडीने (उपकरणाच्या ओळख-क्रमांकाने) परत येते. म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच ते एकदा निघून गेलेले असते.

खरी अडचण फ्रेमच्या, म्हणजे नेटवर्कवर एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या गठ्ठ्याच्या, शेवटाची. यूएसबीवरून ती लहान पॅकेटांत तुकडे होऊन जाते. हाय-स्पीड यूएसबीवर असे डेटाचे (बल्क) पॅकेट जास्तीत जास्त ५१२ बाइटचे असते आणि त्याहून लहान पॅकेट आले की ट्रान्सफर संपली, असे समोरचा समजतो. १,५१४ बाइटच्या इथरनेट फ्रेमची दोन पूर्ण पॅकेटे होतात आणि तिसरे ४९० बाइटचे, त्यामुळे शेवट आपोआप कळतो. पण फ्रेम नेमकी ५१२ किंवा १,०२४ बाइटची असली, तर मोडेम पुढच्या पॅकेटची वाट पाहत राहतो. अशा वेळी शून्य लांबीचे पॅकेट पाठवावे लागते किंवा एक बाइट जास्तीचा जोडावा लागतो. फ्रेम जशीच्या तशी घेणाऱ्या एका मोडेमच्या बाबतीत मी हे विसरलो होतो. सगळे सुरळीत दिसे, फक्त अधूनमधून काहीतरी अडके. शेवटी पिंगचा, म्हणजे पलीकडून उत्तर येते का हे पाहणाऱ्या चाचणी-संदेशाचा, आकार एकेका बाइटने वाढवत, प्रत्येक आकाराचे दहा-दहा पिंग पाठवत गेलो. ४६९ला उत्तरे आली, ४७०ला एकही नाही, ४७१ला पुन्हा येऊ लागली. पुढे ९८२लाही तेच. पिंगच्या डेटापुढे आयसीएमपी, आयपी आणि इथरनेट या नेटवर्कच्या थरांची शीर्षके लागतात. त्यांचे अनुक्रमे ८, २० आणि १४ बाइट मिळवले, तेव्हा बेरीज बरोबर ५१२ आणि १,०२४ झाली. ही बेरीज मांडलेला कागद मी अजून जपून ठेवला आहे.

दुसरा शेवट म्हणजे कोणी डाउनलोड चालू असतानाच मोडेम ओढून काढतो तो. त्या क्षणी अनेक यूआरबी (यूएसबीवर डेटा पाठवण्या-घेण्याच्या विनंत्या) वाटेत असतात आणि त्यांचे कॉलबॅक, म्हणजे विनंती संपल्यावर आपोआप चालणारी फंक्शने, यायचे बाकी असतात. आधी नवे काम थांबवायचे, मग प्रत्येक यूआरबी रद्द होऊन त्याचा कॉलबॅक पूर्ण होईपर्यंत थांबायचे आणि त्यानंतरच मेमरी मोकळी करायची, हा क्रम चुकला तर उशिरा आलेला कॉलबॅक मोकळ्या झालेल्या मेमरीत लिहितो आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळतो, तोही कधी कधी भलत्याच ठिकाणी. शिवाय कॉलबॅकला जो लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारे कुलूप) लागतो तोच धरून वाट पाहिली, तर दोघेही एकमेकांसाठी कायमचे अडकून बसतात.

म्हणून हल्ली मी डिस्कनेक्टचे, म्हणजे उपकरण निघून जाताना चालणारे फंक्शन आधी कागदावर मांडतो आणि प्रोबचे, म्हणजे ते लावल्यावर चालणारे, त्यानंतर.